लोखंडाचा सांधा घरीं कसा आला



सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गांवीं प्राथमिक शाळेंत शिक्षक होतों. शाळेच्या आवाराला लोखंडी फाटक बसवावयाचें ठरलें, आणि त्याच्या जोडणीचें काम शाळेच्या अंगणांतच सुरू झालें. कारागीर एका हातानें काळी कांच डोळ्यांपुढें धरी आणि दुसऱ्या हातानें वेल्डिंगची कांडी चालवी. निळसर पांढरा प्रकाश लखलखत होता, ठिणग्यांचा पाऊस पडत होता. मुलांचें लक्ष पुस्तकांत लागेना. मीं मनाशीं म्हटलें, पुस्तकांतील पाठापेक्षां हा प्रत्यक्ष पाठ काय वाईट? आणि चौथीच्या वर्गांतील दहाबारा मुलांना त्या कारागिरापासून चारपांच हातांवर मीं अर्धा तास बसवून ठेवलें. मीहि त्यांच्याबरोबर बसलों.

मध्यरात्रीच्या सुमारास मला जाग आली ती डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होऊन. डोळे उघडवेनात, पाणी थांबेना. पहांटे चार मुलांचे वडील दाराशीं उभे राहिले. मुलांचीहि तीच दशा झाली होती. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, वेल्डिंगच्या प्रकाशांत जंबुपार किरण असतात, ते डोळ्यांना दिसत नाहींत, पण बुबुळावरील नाजूक पडदा भाजून काढतात. आणि त्याचा दाह कांहीं तासांनंतर सुरू होतो, म्हणून माणूस त्या वेळीं गाफील राहतो. दोन दिवसांत सर्व मुलें बरीं झालीं. कोणाच्या दृष्टीला अपाय झाला नाहीं. एकहि पालक मला उणा शब्द बोलला नाहीं, आणि त्याचेंच मला अधिक वाईट वाटलें. त्या प्रकाशाकडे उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये, एवढें एक वाक्य त्या दिवशीं मास्तरापाशीं नव्हतें.

माझें शिक्षण मॅट्रिकपुरतेंच. परंतु त्या रात्रीनंतर वेल्डिंगविषयीं जें जें हातीं आलें तें तें मी वाचीत गेलों, व त्या वाचनांतून जी एक गोष्ट मनावर ठसली तीच आज आपल्यापुढें मांडणार आहें. लोखंड सांधण्याची ही कला कारखान्यांतून सामान्य माणसाच्या घरीं आली, ती केवळ यंत्र स्वस्त झालें म्हणून नव्हे. यंत्राबरोबर तें चालविण्याची शिकवणहि दारांत आली, म्हणून ती घरीं नांदली.

आज हा विषय घेण्यास निमित्तहि तसेंच घडलें. त्या चार मुलांपैकीं एक जण सध्यां अमेरिकेंत ओहायो राज्यांत नोकरीस आहे. गेल्या वर्षीं तेथील एका शेतावरील जुन्या सामानाच्या लिलावांत त्यानें वेल्डिंगची एक जुनी पेटी घेतली व तिचें छायाचित्र मला पाठविलें. सोबत लिहिलें होतें, "गुरुजी, ही पेटी माझ्या वयाहून मोठी आहे. विकणारा म्हणाला कीं चालते. तिचें पुस्तक मात्र हरवलें आहे." हें शेवटचें वाक्य वाचून मी दचकलों. त्याला मीं जें उत्तर लिहिलें त्याचाच विस्तार म्हणजे हें भाषण.

प्रथम वेल्डिंग म्हणजे काय तें पाहूं. भांड्याला डाख लावतात तेव्हां भांड्याचा धातु वितळत नाहीं. कथलासारखा दुसरा धातु वितळून मध्यें चिकटतो. रिव्हेट मारतात तेव्हां दोन पत्रे खिळ्यानें नुसते धरून ठेवलेले असतात. वेल्डिंगमध्यें मात्र दोन तुकड्यांचा एकजीव होतो; सांधा उरतच नाहीं असें म्हटलें तरी चालेल.

मुळांत ही विद्या फार जुनी आहे. लोखंडाचे दोन तुकडे भट्टींत पांढरे होईपर्यंत तापवावयाचे, त्यांवर वाळू किंवा टांकणखार टाकावयाचा आणि ऐरणीवर घणाखालीं त्यांना एक करावयाचें, ही रीत लोहार पिढ्यान् पिढ्या चालवीत आले. वाळूचें काम काय? तापलेल्या लोखंडावर जी पापडी धरते ती पातळ करून बाहेर लोटून देणें. पापडी आंत राहिली तर सांधा वरून उत्तम दिसतो आणि ओझें पडतांच मोडतो. दिल्लीस मेहरौली येथें उभा असलेला लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षांचा आहे. उंचीनें सात मीटरांहून अधिक आणि वजनानें सहा टनांहून अधिक. तो ओतून केलेला नाहीं. लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून, एकास एक जोडीत तो घडविलेला आहे.

परंतु लोहाराची भट्टी ही गांवाची असे, घराची नसे. आपल्याकडे शेतकरी नांगराचा फाळ घेऊन लोहाराकडे जाई व सुगीच्या वेळीं त्याला बलुतें देई. युरोप-अमेरिकेंतहि शेतकऱ्याला मोडका अवजार-सरंजाम गाडींत घालून भट्टीची वाट धरावी लागे. लोखंडाचा सांधा घरच्या घरीं करावयाचा तर भट्टीशिवाय भट्टीची उष्णता हवी. ती दोन वाटांनीं मिळाली, आणि गमतीची गोष्ट अशी कीं, ह्या दोन्ही वाटांच्या मुळाशीं एकाच घराण्यांतील दोन पुरुष आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडन येथें हंफ्री डेव्ही ह्या शास्त्रज्ञानें कोळशाच्या दोन कांड्यांना विजेच्या मोठ्या बॅटरीचीं टोकें जोडलीं, व कांड्या किंचित् दूर करतांच त्यांच्यामध्यें झगझगीत प्रकाशाची कमान उभी राहिली. इंग्रजींत हिलाच आर्क म्हणतात. पुढें १८३६ सालीं त्याचाच चुलतभाऊ एडमंड डेव्ही याला एक ज्वालाग्राही वायु सांपडला, तो ॲसिटिलीन. एकानें विजेची वाट दाखविली, दुसऱ्यानें वायूची. परंतु लोखंड सांधण्याच्या कामीं ह्या दोन्ही गोष्टींचा उपयोग होण्यास बराच काळ जावा लागला.

आधीं वायूची वाट पाहूं. १८९२ सालीं अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यांत टॉमस विल्सन हा संशोधक विजेच्या भट्टींत चुना आणि डांबर एकत्र तापवीत होता. त्याला हवा होता धातु. हातीं आला एक ठिसूळ खडा. तो पाण्यांत टाकतांच त्यांतून जळणारा वायु निघूं लागला. हाच आपल्या परिचयाचा कार्बाईड. जत्रेंतील दुकानांत जळणाऱ्या कार्बाईडच्या बत्त्या आपल्यापैकीं जुन्या मंडळींना आठवत असतील. तीन वर्षांनीं, १८९५ सालीं, फ्रान्समध्यें ल शातलिए यानें दाखवून दिलें कीं, हा वायु शुद्ध प्राणवायूबरोबर जाळला असतां ज्योतीची उष्णता तीन हजार अंशांच्याहि वर जाते. पोलाद वितळण्यास दीड हजार अंश पुरतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत फूशे आणि पिकार ह्या फ्रेंच गृहस्थांनीं ही ज्योत हातांत धरतां येईल अशी बत्ती तयार केली, आणि लवकरच मोटारी दुरुस्त करणाऱ्या लहान लहान दुकानांतून ती दिसूं लागली. पाण्याचें एक भांडें, कार्बाईडचे खडे, रबरी नळी आणि प्राणवायूचें नळकांडें, एवढ्यावर काम चाले.

पण ह्या वायूचा स्वभाव विलक्षण आहे. दर चौरस इंचास पंधरा पौंडांपेक्षां अधिक दाबाखालीं त्याला मोकळा ठेवणें धोक्याचें असतें. ठिणगी नसतांहि त्याचा स्फोट होऊं शकतो. म्हणून त्याच्या नळकांड्यांत स्पंजासारखा सच्छिद्र पदार्थ भरून त्यांत ॲसिटोन नांवाचा द्रव मुरवितात, व त्या द्रवांत हा वायु विरघळवून ठेवतात. स्वीडनचे गुस्ताफ दालेन यांनीं ह्या कामीं मोठी सुधारणा केली आणि दीपगृहांतील दिव्यांसाठीं ॲसिटिलीनचा उपयोग सुलभ करून दिला. १९१२ सालीं त्यांना पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षीं ॲसिटिलीनच्या एका प्रयोगांत स्फोट होऊन त्यांचे दोन्ही डोळे गेले. ज्याला ह्या वायूची इतकी ओळख होती त्याची ही गोष्ट. मग गोदामांत पडलेलें कार्बाईडचें जुनें भांडें कोणा अजाणानें उत्साहानें सुरू करावें, ह्यांत केवढें साहस आहे, तें आपणच ठरवा.

आतां विजेची वाट. १८८१ सालीं रशियन संशोधक निकोलाय बेनार्दोस यानें कोळशाची कांडी आणि लोखंड ह्यांमध्यें विजेची कमान उभी करून सांधा वितळविला. १८८८ मध्यें त्याचाच देशबांधव स्लाव्यानोव यानें कोळशाऐवजीं लोखंडाचीच कांडी वापरली; त्यामुळें कांडी स्वतः वितळून सांध्यांत भर घालूं लागली. तरी हा सांधा ठिसूळच राही, कारण वितळलेलें लोखंड हवेंतील प्राणवायु व नत्रवायु शोषून घेई. ह्यावर उपाय स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यानें काढला. तो जहाजांच्या बॉयलरच्या दुरुस्तीचें काम करी. १९०४ सालीं त्यानें आपली कंपनी काढली, व त्याच सुमारास लोखंडी कांडीवर खनिजांच्या लुकणाचा लेप देण्याची युक्ति योजिली. लेप जळून त्याच्या धुरानें वितळलेल्या धातूवर पांघरूण पडतें, आणि उरलेला कीट वर तरंगून थिजतो. तो मागाहून हातोडीनें झाडून टाकावयाचा. लोहाराची चिमूटभर वाळू जें काम करी तेंच काम हा लेप करूं लागला. आजहि रस्त्याच्या कडेच्या दुकानांत जी कांडी दिसते ती केलबर्गच्या कांडीचीच वंशज आहे.

आतां प्रश्न राहिला यंत्राचा. पहिलीं यंत्रें जनित्रें जोडलेलीं, अवजड आणि महाग होतीं. १९२९ सालीं अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यांत ॲपलटन येथें नील्स मिलर ह्या गृहस्थानें आपल्या घराच्या तळघरांत लहान यंत्रें बांधण्यास आरंभ केला. खेड्यापाड्यांत मिळणाऱ्या बेताच्या विजेवर चालेल असें हलकें व स्वस्त यंत्र त्याला हवें होतें. ह्या यंत्रांत फिरणारा भाग नसतो. लोखंडी गाभ्याभोवतीं तारांचीं दोन वेटोळीं असतात. जास्त दाबाची थोडी वीज घेऊन तीं कमी दाबाची पुष्कळ वीज देतात. कमान पेटल्यावर दाब वीसतीस व्होल्ट इतकाच असतो, पण प्रवाह शंभर-दोनशें अँपिअर असतो. झिजण्यासारखें आंत फारसें कांहीं नसल्यामुळेंच अशीं यंत्रें पन्नास-साठ वर्षेंहि टिकतात.

परंतु १९३५ सालीं अमेरिकेंत दर दहा शेतांपैकीं जेमतेम एका शेतावर वीज पोंचलेली होती. त्या वर्षीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं ग्रामीण विद्युतीकरणाचें खातें सुरू केलें, आणि पुढील वीस वर्षांत बहुतेक शेतांवर तारा गेल्या. आतां माझ्या मुद्द्याकडे लक्ष द्यावें. वीज येण्यापूर्वींच शिकवणीची तयारी झालेली होती. १९१७ सालच्या स्मिथ-ह्यूज कायद्यानें शाळांतून शेतकीचें व धंद्यांचें शिक्षण देण्यासाठीं केंद्र सरकारचा पैसा मिळूं लागला होता. शाळेला जोडून कर्मशाळा निघाल्या, आणि शेतकऱ्यांचीं मुलें तेथें अवजारें दुरुस्त करण्यास शिकलीं. क्लीव्हलंडच्या लिंकन कंपनीनें १९३३ मध्यें आर्क वेल्डिंगचें एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक काढलें, व १९३६ मध्यें जेम्स लिंकन यांच्या नांवानें एक संस्था निघाली. ती ह्या विषयावर बक्षिसें देई आणि स्वस्त पुस्तकें छापी. कंपनीचा त्यांत धंदा होता, हें उघडच आहे. तरी यंत्राबरोबर विद्याहि विकली पाहिजे, एवढें शहाणपण त्या धंद्यांत होतें.

ही विद्या किती जोखमीची आहे, तें दुसऱ्या महायुद्धानें दाखविलें. घाईघाईनें जहाजें बांधावयाचीं होतीं, म्हणून रिव्हेट सोडून वेल्डिंगचा आश्रय केला गेला. लिबर्टी जातीचीं २,७००हून अधिक जहाजें अशीं बांधलीं गेलीं, आणि हजारों स्त्रीपुरुष, ज्यांनीं कधीं हातोडीहि धरली नव्हती, थोड्या आठवड्यांच्या शिकवणीनें वेल्डर झाले. १६ जानेवारी १९४३ ह्या दिवशीं ओरेगॉन राज्यांत पोर्टलंड येथें 'स्केनेक्टडी' हें नवें तेलवाहू जहाज शांत पाण्यांत धक्क्याला बांधलेलें असतांच प्रचंड आवाज होऊन दुभंगलें. चौकशी झाली. कांहीं सांधे सदोष होते. पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर ह्या विदुषीनें दाखवून दिलें कीं, मुख्य दोष त्या पोलादांत होता, तें थंडींत कांचेसारखें ठिसूळ होई. रिव्हेटच्या जहाजांत पडलेली चीर पत्र्याच्या कडेशीं थांबत असे. एकजीव झालेल्या जहाजांत तिला थांबविणारें कांहीं नव्हतें. एकजीव होण्याचा हा दुसरा अर्थ त्या दिवशीं सर्वांना कळला.

युद्ध संपलें, आणि हे शिकलेले हात घरोघर परतले. त्यानंतरच्या दशकांत गॅरेजमध्यें वेल्डिंगची पेटी ठेवणें ही तेथें नवलाची गोष्ट राहिली नाहीं. लिंकन कंपनीची २२५ अँपिअरची तांबडी पेटी तर इतकी प्रसिद्ध झाली कीं, वरून गोल असलेल्या तिच्या आकारामुळें लोक तिला थडग्यावरचा दगड असें थट्टेनें म्हणत. तिच्यावर फाटकाच्या बिजागऱ्या, नांगराचे फाळ, कामाचें टेबल, मोटारीमागें ओढावयाची गाडी, अशीं हजारों कामें घरच्या घरीं झालीं. १९८० नंतर इन्व्हर्टर पद्धतीचीं पांचसात किलोंचीं यंत्रें निघालीं, आणि जुन्या अवजड पेट्या गोदामाच्या कोपऱ्यांत जाऊन बसल्या. ज्यांनीं त्या घेतल्या ते म्हातारे झाले, गेले; पेट्या लिलावांत निघाल्या. यंत्र वारसानें मिळतें. बापाच्या हातांतील सवय वारसानें मिळत नाहीं.

म्हणून माझ्या विद्यार्थ्याला मीं लिहिलें तें असें. "बाळ, पेटी टाकून देऊं नकोस, आणि आज सुरूहि करूं नकोस. आधीं विजेचें काम जाणणाऱ्या माणसाकडून तिची तपासणी करून घे. तारांवरील आवरण तडकलें असेल तर तें बदल, आणि अर्थिंगची तार पक्की आहे ना, तें पाहा. पेटीवर कामाचें प्रमाण लिहिलेलें असेल. पूर्ण प्रवाहावर दहा मिनिटांत दोनच मिनिटें काम, असें असलें तर उरलेलीं आठ मिनिटें तिला निवूं दे. कांडीवरचा आंकडा वाच. ६०११ ह्यांतील ६० म्हणजे दर चौरस इंचास साठ हजार पौंडांचा ताण सोसण्याची ताकद, पुढचा १ म्हणजे कोणत्याहि बाजूनें चालविण्याजोगी, आणि शेवटचा आंकडा तिचा लेप कोणत्या प्रवाहाला मानवतो तें सांगतो. तुझी पेटी उलटसुलट प्रवाहाची असली तर ६०११ चालेल, ६०१० नीट पेटणार नाहीं. जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडावर काम करूं नकोस; त्याच्या धुरानें संध्याकाळीं हुडहुडी भरून ताप येतो. बंद पिंप किंवा तेलाची जुनी टांकी, कितीहि रिकामी दिसली तरी, तिच्याजवळ कांडी नेऊं नकोस. आणि डोळ्यांविषयीं तुला मीं काय सांगावें? तें आपण दोघेहि शिकलों आहों. पण तुझीं मुलें पाहावयास आलीं तर त्यांना आधीं सांग."

आपल्यालाहि हें सांगण्याचें कारण आहे. शहरांत खिडकीला जाळी बसवावयाची असली कीं वेल्डर गच्चींत किंवा वाड्याच्या चौकांत काम मांडतो, आणि मुलें भोंवतीं गोळा होतात. पुष्कळदां तो बिचारा स्वतःहि कांच न धरतां, डोळे मिटून पहिला टांका घालतो. तेव्हां मुलांना आंत घ्या, आणि त्याला कांच धरण्याविषयीं दोन शब्द सांगा. त्याला ती विद्या कोणी पुस्तकांतून दिलेली नसते. दुसऱ्याचें पाहून तो शिकलेला असतो.

माझ्या विद्यार्थ्याचें उत्तर दोन महिन्यांनीं आलें. त्याला तुळशीच्या कुंडीसाठीं लोखंडी तिवई करावयाची होती, कारण तेथील हिवाळ्यांत तुळस घरांत ठेवावी लागते. आमच्या सांगण्याप्रमाणें त्यानें आधीं दोन पट्ट्या सांधून पाहिल्या. सांधा वरून इतका सुबक दिसत होता कीं, त्याच्या पत्नीनें त्याचें कौतुक केलें. मग त्यानें ती पट्टी शेगड्यांत धरून हातोडीनें मोडली. आंत अर्धा भाग काळ्या कीटानें भरलेला निघाला. त्या मोडक्या तुकड्याचेंच छायाचित्र त्यानें मला पाठविलें, आणि खालीं लिहिलें, "गुरुजी, अजून तिवई करीत नाहीं."

तें छायाचित्र मीं जपून ठेवलें आहे.